कामोल्यी (इटली): आईला घेऊन दोन दिवस पायी फिरणं जमेल का?

सुपारीबाग | सोमवार, १०:४२
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मिलानला भावाकडे जातोय. सोबत आई आहे (वय ६८, उजवा गुडघा कुरकुरतो, हट्ट मात्र पंचविशीतला). भाऊ म्हणतो चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठची ती प्रसिद्ध पाच गावं) करा, सगळे करतात. सगळे करतात म्हणूनच मला ते नकोय. नकाशावर बोट फिरवताना जेनोव्हाच्या पूर्वेला कामोल्यी नावाचं गाव दिसलं. पाचेक हजार वस्ती, एक लहानसं बंदर, मागे डोंगर. गाडी भाड्याने घ्यायची नाही, टूर नको. दोन दिवस नुसतं चालायचं, दमलं की बसायचं.

तर तिथे दोन दिवस काढण्याइतकं काही आहे का? चढउतार कितपत आहेत? आई शाकाहारी आहे, तिचे हाल होतील का? आणि कोणी खरोखर तिथे जाऊन आलंय का? यूट्यूब बघून सांगू नका, ते मीही बघितलंय.

नुसताच_वाचक | सोमवार, १०:५८
शीर्षक 'कामाची गल्ली' असं वाचलं आणि वाटलं घर भाड्याने देण्याचा धागा आहे.

मिलानची_मावशी | सोमवार, ११:२०
मी तीनचार वेळा गेलेय. जेनोव्हाला गाडी बदलायची, पुढे पाऊण तासाच्या आत कामोल्यी. स्टेशनाचं नावच 'कामोल्यी-सान फ्रुत्तुओसो' आहे. सान फ्रुत्तुओसो काय ते पुढे सांगते.

आधी एक सूचना. लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्या. तिकीट खिशात असून मी दंड भरलाय. तपासनीस अतिशय गोड बोलत होता, पैसे मात्र पूर्ण घेतले.

गाव मजल्यामजल्यांचं आहे, इमारतींसारखं. स्टेशन आणि दुकानांचा रस्ता वर, समुद्रालगतची फरसबंद वाट खाली, आणि मधे पायऱ्यांच्या बोळकांड्या. घरं सहासात मजली, एकमेकांना चिकटून. कितीतरी घरांना दोन दारं: एक खाली समुद्राकडे, दुसरं मागच्या रस्त्यावर, आणि ते तिसऱ्याचौथ्या मजल्यावर उघडतं. माझी एक ओळखीची बाई तिथे राहते. तिच्याकडे जाताना मी रस्त्यावरून सरळ आत शिरले आणि खिडकीतून खाली बघितलं तर चार मजले खोल समुद्र! पाय लटपटले.

आईंसाठी महत्त्वाचं: खालची समुद्रवाट सपाट आहे. तिथे बाकं आहेत, कॉफी आहे, बंदर आहे, बॅसिलिका (मोठं चर्च) आहे, खडकावरचा द्रागोनारा किल्ला आहे. एवढ्यावरही एक दिवस छान जातो.

शंकेखोर | सोमवार, ११:४१
किनाऱ्यावरचं गाव, रंगीत घरं, किल्ला, देऊळ, मासे. हे बघायला इटली कशाला? हर्णैला जा, समोर सुवर्णदुर्ग आहे. व्हिसा लागत नाही.

गुहागरकर_ठाण्यात | सोमवार, १२:०५
@शंकेखोर, हर्णै माझंही लाडकं आहे, पण एक फरक डोळ्यांत भरतो. मी त्या किनाऱ्याला (कामोल्यीला नाही, शेजारच्या रापाल्लोला) दोन दिवस होतो. पहिल्या दिवशी काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, काय ते कळेना. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की समुद्र हलतच नाही! सकाळी जिथे पाणी होतं तिथेच संध्याकाळी. भूमध्य समुद्राला भरतीओहोटी जवळपास नाहीच, तिथे वीतभर पाणी वरखाली झालं तरी खूप. म्हणून त्यांनी घरं थेट पाण्याच्या कडेला बांधलीत, होड्या उंबऱ्याशी बांधल्यात. आपल्याकडे उधाणाला पाणी कुठवर येतं ते बघून माणूस घर मागे सारतो आणि मधे माडांची ओळ लावतो. तिथे तसं काहीच नाही. कोकणी माणसाला ते आधी भीतीदायक आणि मग हेवा वाटावा असं दिसतं.

शंकेखोर | सोमवार, १२:१९
वादळ आलं की?

मिलानची_मावशी | सोमवार, १२:३३
आलं की घेऊन जातं. २०१८च्या ऑक्टोबरअखेरीस असं वादळ झालं की सांता मार्गेरिता ते पोर्तोफिनो रस्ताच समुद्राने खाल्ला. आणि कामोल्यीत २०२१च्या फेब्रुवारीत दफनभूमीखालचा कडा ढासळून सुमारे दोनशे शवपेट्या समुद्रात गेल्या. कित्येक दिवस होड्यांतून शोध चालला होता. तेव्हा 'समुद्र हलत नाही' यावर फार विसंबू नका.

गुहागरकर_ठाण्यात | सोमवार, १२:३६
बाप रे. शब्द मागे घेतो.

पिठलंभाकर | सोमवार, १३:१५
जेवणाच्या वेळेला धागा वर आलाय तर शाकाहाराचं मी सांगतो. आईंचे हाल अजिबात होणार नाहीत. कामोल्यी ज्यात येतं तो लिगुरिया हा इटलीतला आपल्याला सगळ्यात सोपा प्रांत.

फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, तेल, मीठ, आणि ते भल्या मोठ्या तांब्याच्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. बेसनाचं धिरडं, पण कडा कुरकुरीत आणि आत मऊ. माझ्या सासूबाईंनी एक घास खाऊन निकाल दिला, "ओवा विसरलेत." पान्सोती म्हणजे रानभाज्या भरलेल्या कणकेच्या पुड्या, वर अक्रोडाची दाटसर चटणी. आणि रेक्कोची चीज-फोकाच्या (फोकाच्या म्हणजे भट्टीत भाजलेली चपटी रोटी). रेक्को हे शेजारचंच गाव. साध्या फोकाच्यात यीस्ट असतं, हिच्यात नसतं. दोन पापडासारख्या पातळ पोळ्यांमध्ये ताजं मऊ चीज. गरमच खायची, गार झाली की मजा गेली.

शंकेखोर | सोमवार, १३:२२
चीज करताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पार्मेजानो चीजमध्ये तर तेच असतं, आणि ते चीज पेस्टोतही (तिकडची हिरवी चटणी) घालतात. शाकाहारी म्हणे.

पिठलंभाकर | सोमवार, १३:३०
खरं आहे. पण आईंना न सांगता तुम्ही हे चारचौघांत सांगितलंत. आता आईंनी धागा वाचला तर जबाबदारी तुमची.

सुपारीबाग | सोमवार, १४:०२
आईने वाचला. ती म्हणते, फारिनाता चालेल आणि ओव्याची पुडी मी पर्समध्ये ठेवीन. :ड

सगळ्यांचे आभार. चढाचं कोणी बोललं नाही अजून.

घाटवाटी | सोमवार, २१:४८
आता माझा विषय आला. सह्याद्रीत गेली वीस वर्षं भटकतोय, २०१९ला तिथे तीन दिवस होतो.

कामोल्यीच्या मागे पोर्तोफिनोचा डोंगर आहे. माथा जेमतेम ६१० मीटर, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, म्हणजे ६१०च्या ६१० मीटर तुमच्या पायांनी. गावातून पहिला टप्पा सान रोक्को, सुमारे सव्वादोनशे मीटर उंचीवर. पाऊण ते एक तास. सगळ्या पायऱ्या, दोन्हीकडे ऑलिव्हच्या बागांच्या दगडी ताली. वर चर्चसमोर एक गच्चीवजा पटांगण आहे, तिथून जेनोव्हापर्यंतचा किनारा दिसतो.

सान रोक्कोहून पुढे सान फ्रुत्तुओसोला दोन वाटा. एक डोंगराच्या कुशीतून, झाडीतली, दोनेक तासांची, दमदार पण सुरक्षित. दुसरी समुद्राच्या कड्यावरून, 'बात्तेरिए' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांच्या ठाण्यांवरून जाणारी. तिच्यात काही ठिकाणी साखळ्या धरून कातळ पार करायचा. तो कातळही मजेदार आहे, गोट्यांचा चिक्कीसारखा चिकटून झालेला. कोरडा असला तर पकड चांगली, ओला असला तर नाद सोडा. सह्याद्रीतल्या सांधण दरीची सवय असेल तर काही वाटणार नाही. आईंना मात्र ही वाट अजिबात नको.

सान फ्रुत्तुओसो म्हणजे डोंगराच्या दोन बाह्यांमधल्या खाचेत, पाण्याला टेकलेला जुना मठ. तिथे रस्ता नाही. चालत किंवा होडीने, तिसरा पर्याय नाही.

मिलानची_मावशी | सोमवार, २२:१०
मठाखाली दोरिया घराण्याची थडगी आहेत, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. त्या घराण्याच्या वारसांनीच १९८३मध्ये मठ तिथल्या एका वारसा संस्थेला दिला. सरदारांच्या या थडग्यांबरोबर तिथे एक सामान्य बाईही पुरलेली आहे, मारिया आवेन्यो. १८५५मध्ये क्रिमियाच्या युद्धाला सैनिक घेऊन निघालेलं 'क्रोएसस' हे ब्रिटिश जहाज याच खाडीसमोर पेटलं. ही बाई होडी वल्हवत माणसं वाचवायला गेली आणि त्यातच गेली. मला तो मठ आठवतो तो या बाईमुळे.

पाणबुड्या | सोमवार, २२:२५
आणि पाण्याखालच्या ख्रिस्ताला विसरलात! त्याच खाडीत सतराएक मीटरवर अडीच मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा, दोन्ही हात वर केलेला. २९ ऑगस्ट १९५४ला तिथे उतरवला. गुइदो गाल्लेत्ती शिल्पकार. १९४७मध्ये त्याच जागी एक पाणबुड्या मेला होता, त्याच्या मित्राची ही कल्पना. मी खाली जाऊन पाहिलाय. वरून प्रकाशाचे पट्टे पडतात आणि तो हात तुमच्याकडे करून उभा. नास्तिक आहे मी, तरी तोंडातून बुडबुडे जरा जास्तच निघाले.

घाटवाटी | सोमवार, २२:४०
एक इशारा. मी मठापर्यंत चालत गेलो, पोहलो, बिअर प्यायलो आणि परत होडीने जाऊ म्हणून निवांत बसलो. दुपारनंतर लाटा उठल्या आणि होड्या बंद. फलक लावला होता, मी वाचलाच नव्हता. चूक सर्वस्वी माझी. ओल्या चड्डीत दोन तास डोंगर चढून उतरलो, शेवटचा अर्धा तास मोबाइलच्या उजेडात. समुद्र खवळला की होड्या धावत नाहीत, हे गृहीत धरूनच पाणी आणि टॉर्च घ्या.

नुसताच_वाचक | सोमवार, २२:४४
ओल्या चड्डीतला फोटो टाकू नये ही विनंती.

निवृत्त_चीफ_इंजिनियर | मंगळवार, ०६:१०
सकाळचा चहा आणि हा धागा. मजा आली.

मी बोटीवर असताना, १९८६-८७च्या सुमारास, आमचं जहाज जेनोव्हात दुरुस्तीसाठी तीन आठवडे पडून होतं. रविवारी सुट्टी. दाभोळचा एक सेकंड इंजिनियर आणि मी असे दोघे लोकलने कामोल्यीला जायचो, कारण एका म्हाताऱ्या गोदी कामगाराने सांगितलं होतं, "तुम्ही दर्यावर्दी ना? मग तिथे जा."

त्या गावाला 'हजार पांढऱ्या शिडांचं गाव' म्हणायचे. एकोणिसाव्या शतकात एवढ्याशा गावात जहाजांचे मालक, कप्तान, सुतार, शिडं शिवणारे, सगळे भरलेले. १८५३मध्ये तिथल्या जहाजमालकांनी आपसांत विमा मंडळी काढली. एकाचं जहाज बुडालं तर बाकीच्यांनी भरपाई करायची. बाहेरच्या सावकाराला मधे घ्यायचं नाही. पुढे वाफेची जहाजं आली आणि शिडांचा धंदा बसला. मोठमोठी घरं उरली.

समुद्राकडे पाठ करून जरा वर चढा. बोस्केत्तोचं देऊळ लागेल. तिथे खलाशांनी नवस फेडताना वाहिलेली जहाजांची चित्रं आहेत. शिडं फाटलेली, डोलकाठी मोडलेली, लाटा आभाळाला भिडलेल्या आणि वर कोपऱ्यात ढगातली देवी. आम्ही दोघे तिथे अर्धा तास एक शब्द न बोलता उभे होतो. बाहेर आल्यावर दाभोळवाला म्हणाला, "आमच्याकडे नारळ देतात, हे चित्र देतात, पण भीती तीच." त्या दिवशी पहिल्यांदा त्याने स्वतःच्या वडिलांबद्दल सांगितलं. असो.

तिसरी_घंटा | मंगळवार, ०८:३०
'कामोल्यी' म्हणजे 'बायकांचं घर', नवरे बोटीवर म्हणून. असं कुठेतरी वाचलंय. खरं का?

निवृत्त_चीफ_इंजिनियर | मंगळवार, ०८:५२
गावातले लोक हौसेने सांगतात. भाषेचे जाणकार ते मान्य करतातच असं नाही, व्युत्पत्ती आणखीही आहेत. पण बायकांचं गाव होतं हे खोटं नाही. वर्षावर्षाचा प्रवास, हिशेब, घर, देणीघेणी सगळं बायकांच्या हातात. माझ्या बायकोला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "मग आपल्या घराचं नाव काय?"

काथ्याकूट | मंगळवार, ०९:४०
आयडी सार्थ करतो. कामोल्यीची एक गोष्ट कोणीच सांगितली नाही. गाव आणि पुंता कियाप्पा नावाच्या भूशिराच्या मधे समुद्रात त्यांचं शेकडो वर्षांचं मासेमारीचं जाळं लागतं, 'तोन्नारेल्ला'. एप्रिलच्या सुमारास लावतात, सप्टेंबरपर्यंत असतं. रोज ठरलेल्या वेळी होडीतून जाऊन हाताने वर ओढतात. आणि ते जाळं नारळाच्या काथ्याचं असतं! इटलीत माड नाही, तरी काथ्या. दर वर्षी नव्याने हाताने विणतात. काथ्याला शेवाळं चिकटतं, शेवाळ्याला मासे येतात. हंगाम संपला की जाळं कुजून समुद्रात मिसळतं.

शंकेखोर | मंगळवार, ०९:५५
म्हणजे आपली रापणच.

गुहागरकर_ठाण्यात | मंगळवार, १०:०३
नाही हो! रापण किनाऱ्यावरून माणसं ओढतात. हे एका जागी बांधलेलं. जवळचं काही म्हणायचंच तर कोळ्यांची डोल. पण डोल चालते भरतीओहोटीच्या ओढीवर, आणि तिथे ओढच नाही. त्यामुळे मासा आपणहून जाळ्याच्या भिंतीलगत आत शिरायची वाट बघायची. आणि हो, ती पायऱ्यांची वाट, मधे विटा आणि कडेला दगडगोटे लावलेली, जिला तिथे 'क्रेझा' म्हणतात, तिला आमच्याकडे पाखाडी म्हणतात. माझ्या आजोळी होती. आता तिच्यावर सिमेंट ओतलंय.

तिसरी_घंटा | मंगळवार, १०:२०
अवांतर: घरांच्या भिंतींवर नीट बघा. अर्ध्या खिडक्या, कोरीव चौकटी, कधी शटरसुद्धा, सगळं रंगवलेलं असतं. खोटं! आम्ही मुलांबरोबर खेळ केला, खरी खिडकी ओळखा. मी सातपैकी तीन चुकले. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांनी बघावंच. तसं तिथे १८७६चं एक नाट्यगृहही आहे. बरीच वर्षं बंद होतं, २०१६ला पुन्हा उघडलं.

पिठलंभाकर | मंगळवार, १०:४१
मेमध्ये जाताय म्हणून: मेच्या दुसऱ्या रविवारी तिथे मासे तळण्याचा उत्सव असतो. १९५२पासून. चारेक मीटर व्यासाची कढई, तिला लांबलचक दांडा, बंदरात मांडतात आणि टनावारी मासे तळतात. जुन्या कढया गावात भिंतीवर टांगलेल्या आहेत. आई शाकाहारी असतील तर तो रविवार टाळा.

सुपारीबाग | मंगळवार, ११:१५
टाळला. त्याच्या पुढच्या आठवड्यातलं बुकिंग केलं. मावशी, सान रोक्कोला आई कशी जाईल?

मिलानची_मावशी | मंगळवार, ११:२८
गावातून वर बस जाते. फेऱ्या कमी आहेत, वेळ बघून ठेवा. परत उतरताना मात्र पायऱ्यांनी उतरू देऊ नका. चढताना दम बोलतो, उतरताना गुडघा.

---

सुपारीबाग | २९ मे, २०:०५
धागा वर काढतोय, कारण परत आलो आणि उत्तर देणं लागतो.

पहिला दिवस खालची वाट, बंदर, किल्ला. खरी खिडकी ओळखण्यात आई दहापैकी नऊ. ती फक्त म्हणायची, "धूळ कुठे बसलीय बघ." फारिनाता आवडली, ओवा घातलाच. बोस्केत्तोला चालत गेलो, चढ सौम्य होता, दोनदा बसलो. चीफसाहेब, ती चित्रं आहेत. आईने प्रत्येक चित्रातली देवी शोधली आणि प्रत्येकीला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी बसने सान रोक्को. आईला चर्चसमोरच्या बाकावर बसवलं आणि मी पुंता कियाप्पापर्यंत उतरलो. वाटेत सान निकोलोचं जुनं चर्च लागतं, त्याच्या थंडाव्यात दहा मिनिटं बसलो. खाली ती जाळी बाहेरून दिसली, म्हणजे नुसते तरंगणारे दांडे आणि दोर. तिथून होडी धरून कामोल्यीला आलो. ठरलं होतं की मी पुन्हा बसने वर जाऊन आईला आणीन. बंदरात उतरलो तर आई खाली हजर! इटालियनचा एक शब्द येत नसताना एकटी बसने उतरली होती.

आणि ती एका मच्छीमाराशेजारी दगडावर बसली होती. त्याच्यापुढे काथ्याची वेटोळी. आईचं बालपण वेळणेश्वरला गेलं, सुंभ वळायला आजीनेच शिकवलेलं. तिने विचारलं वगैरे काही नाही, एक पेळू उचलला आणि दोन तळव्यांत धरून वळायला लागली. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याने स्वतःचा दोर पुढे करून तो कसा वळतो ते दाखवलं. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. मी तिथे अर्धा तास फालतू उभा होतो.

तर: दोन दिवस पुरतात, तीन असते तर बरं. होडीचा फलक वाचा. आणि घाटवाटी, तो साखळ्यांचा रस्ता मी केला नाही. पुढच्या वेळी.

शंकेखोर | २९ मे, २०:३१
मानलं. हर्णैला आईंना घेऊन या, आमच्याकडे उतरा. चीज नाही.

काथ्याकूट | २९ मे, २०:४०
आईंना साष्टांग. त्यांनी वळलेला सुंभ कुठे आहे?

सुपारीबाग | २९ मे, २०:४४
त्याने ठेवून घेतला. बदल्यात हातभर दोर दिला. तो आता आमच्या देवघराच्या कडीला बांधलाय.

निवृत्त_चीफ_इंजिनियर | २९ मे, २१:१५
एकच प्रश्न. त्याचा पीळ उजवा की डावा? आईंचा आणि त्याचा एकच होता का?

सुपारीबाग | २९ मे, २१:१८
आई झोपली. सकाळी विचारून सांगतो.